शोधासाठी वर्गणी



सन १९७९ मध्ये मी सुरतेतील एका मराठी शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवीत असे. ताप्तीच्या खोऱ्यातून येणाऱ्या लोहमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावकडची कुटुंबे मागांवर काम करण्यासाठी सुरतेला येत आणि उधना, लिंबायत या बाजूला खोल्या घेऊन राहत. माझ्या वर्गातील बहुतेक मुले अशाच घरांतली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती अशा तीन भाषांत ती सहज वावरत. त्यांतील एका नऊ वर्षांच्या मुलाच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर मला एके दिवशी काळेनिळे वण दिसले. मुलगा अलीकडे मलूल असे, मधल्या सुट्टीत डबा तसाच परत नेई. मी अनुमान काढले, की बाप मारीत असला पाहिजे. वडिलांना बोलावून घेतले आणि वर्गाबाहेर, इतर शिक्षकांच्या देखत, चार कठोर शब्द सुनावले. रात्रपाळी करून आलेला तो गृहस्थ खाली मान घालून ऐकत राहिला आणि अखेरीस एवढेच म्हणाला, "गुरुजी, मी पोराला बोटसुद्धा लावलं नाही."

पंधरा दिवसांनी त्या मुलाचा घोळणा फुटला, तो काही केल्या थांबेना. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी त्याला मुंबईस नेण्यास सांगितले. रक्ताचा कर्करोग होता. रक्त गोठविणाऱ्या बारीक कणिका कमी झाल्या, म्हणजे नुसत्या धक्क्यानेही कातडीखाली रक्त साकळते, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. वडिलांची क्षमा मी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजले नाही.

शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून ६४० रुपये वर्गणी जमविली. सात महिन्यांनी मुलगा गेला. त्यानंतर काही दिवसांनी वडील शाळेत आले, रुमालात बांधलेले १८५ रुपये माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हे उरले, गुरुजी. दुसऱ्या कोणाच्या लेकराला होतील." त्या पैशांचे काय करावे, याचा आम्ही पुष्कळ खल केला. हा रोग कशाने होतो, कशाने हटेल, याचा शोध करणाऱ्यांना ते द्यावेत, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही. आम्ही शाळेसाठी पुस्तकांचे एक कपाट घेतले आणि त्यावर मुलाचे नाव रंगवून घेतले. कपाट उत्तम होते. परंतु त्या वडिलांनी जे मागितले होते ते कपाटाने होण्यासारखे नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. म्हणूनच मुलांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पैसा कसा उभा राहतो, या विषयावर आज बोलावे असे मी ठरविले.

सुरतेच्या पैशाशी मराठी माणसाचा संबंध १६६४ पासूनचा आहे. तो मागण्याची त्या वेळची रीत निराळी होती, एवढेच. आता आम्ही पावतीपुस्तक घेऊन जातो. आणि सांगावयास आनंद वाटतो, की हे शहर देण्याच्या बाबतीत हात आखडणारे नाही. धर्मशाळा, पांजरपोळ, शाळा, दवाखाने यांसाठी येथे पैसा कधी कमी पडला नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या मातोश्रींचे नाव तो मिरवितो, ते प्रेमचंद रायचंद मूळचे सुरतेचेच. परंतु मनोरा दिसतो, शाळेची इमारत दिसते, औषध घेऊन उठून बसलेले मूलही दिसते. संशोधन दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गणेशोत्सव मंडळाने कर्करोगग्रस्त मुलांसाठी निधी जमविण्याचे ठरविले, तेव्हा आम्ही तिघेजण महिधरपुऱ्यातील एका हिरे व्यापाऱ्यांकडे गेलो. गृहस्थ मोठ्या मनाचे. औषधांसाठी म्हणताच त्यांनी खिशाला हात घातला. मग मी म्हणालो, "यातला काही भाग संशोधनाला द्यावा, असा आमचा विचार आहे." तेव्हा ते थबकले आणि त्यांनी विचारले, "मास्तर, तकती कुठे लागणार?" तकती म्हणजे देणगीदाराच्या नावाची दगडी पाटी. या प्रश्नाला हसण्याचे मला कारण दिसले नाही. कपाटावर नाव रंगविणारे आम्ही तरी निराळे कोण होतो? मी त्यांना उलट विचारले, "शेठ, जुबिली हिरा आपल्याला ठाऊक असेल?" ते तत्काळ म्हणाले, "दोनशे पंचेचाळीस कॅरेट." हिऱ्याचे वजन त्यांना मुखोद्गत होते. त्याचे पुढे काय झाले, ते ठाऊक नव्हते.

ती हकीकत अशी. हा दगड १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत सापडला आणि व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ मधील हीरक महोत्सवावरून त्याचे नाव पडले. सर दोराबजी टाटा यांनी तो पत्नी मेहेरबाई यांच्यासाठी विकत घेतला. टाटांचे मूळ घर नवसारीचे, म्हणजे सुरतेहून पंचवीस-तीस किलोमीटरवरचे, तेव्हा या गोष्टीवर सुरतकरांचाही थोडा हक्क पोहोचतो. मेहेरबाई मोठ्या तडफेच्या बाई. साडी नेसून टेनिस खेळत, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीही त्यांचे नाव नोंदले गेले होते, बालविवाहाविरुद्ध बोलत. त्याच १९२४ साली पोलादाचा कारखाना बुडण्याच्या बेतास आला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता या हिऱ्यासकट इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. कारखाना वाचला, हिरा सुटला. १९३१ साली मेहेरबाई विलायतेत रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी दोराबजींनी दोन न्यास स्थापिले आणि काही महिन्यांतच तेही निवर्तले. दोराबजींच्या नावाच्या न्यासाकडे त्यांची संपत्ती गेली. हिरा १९३७ मध्ये विकला गेला, ती रक्कमही तेथेच जमा झाली आणि त्याच न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले. गुजरात, खानदेश, विदर्भ, कोकण, कोठूनही गेलेला रुग्ण ज्या दारात उभा राहतो ते दार या पैशाने उघडलेले आहे.

व्यापारी महाशयांना ही गोष्ट आवडली. माझे लक्ष मात्र दुसऱ्या न्यासाकडे होते. लेडी टाटा स्मारक न्यास हा विशेषेकरून रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी काढलेला आहे. त्याच्या उत्पन्नाचे पाच हिस्से कल्पिले, तर चार हिस्से जगातील कोणत्याही देशात या रोगावर संशोधन करणाऱ्यांना आणि एक हिस्सा भारतातील शास्त्रीय कार्याला, अशी ती वाटणी आहे. १९३२ साली या रोगावर औषध असे काहीच नव्हते. ज्या प्रश्नाला उत्तर आहे की नाही हेच कोणाला माहीत नाही, त्यासाठी पैसा द्यावयाचा, आणि तोही बहुतांशी परदेशात. आज कोणी असे केले तर आपण विचारू, की घरचा पैसा बाहेर का?

याचे उत्तर परळमध्येच सापडते. १९२८ पासून पुढे काही वर्षे ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन संस्थेत काम करीत होत्या. मुंबईच्या गिरण्यांतील गरीब बायकांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होई, त्याचे कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे नंतर सिद्ध झाले. अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आपले आंध्रचे येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. बॉस्टन येथील मुलांच्या रुग्णालयातील सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले, की या जातीचे द्रव्य दिले असता मुलांमधील रक्ताचा कर्करोग उलट जोरावतो. तेव्हा त्याच्या विरोधी द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने असे विरोधी द्रव्य पुरविले. ३ जून १९४८ रोजी फार्बर यांनी जाहीर केले, की १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला. काही काळच, तो पुन्हा उलटला. परंतु तोवर हा रोग औषधाने एक पाऊलही मागे सरकलेला कोणी पाहिला नव्हता. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटची गोळी आज या रोगाच्या मुलांना घरी असताना आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या पंडुरोगापासून निघालेली वाट अशी दोन समुद्र ओलांडून पुन्हा परळला आली.

या फार्बरांच्या कामाला पैसा कोठून आला, हे नभोवाणीवरून बोलताना सांगितलेच पाहिजे, कारण तो नभोवाणीनेच आणला. २२ मे १९४८ रोजी, म्हणजे तो शोधनिबंध प्रसिद्ध होण्याच्या बारा दिवस आधी, अमेरिकेतील एका लोकप्रिय नभोवाणी कार्यक्रमाचे सूत्रधार राल्फ एडवर्ड्स हॉलिवूडहून बॉस्टनच्या रुग्णालयातील एका बारा वर्षांच्या मुलाशी बोलले. मुलाला बेसबॉलचे वेड. बोलता बोलता त्याच्या आवडत्या संघाचे खेळाडू एकामागून एक खरोखरच त्याच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले. वीस हजार डॉलर जमले तर त्याला खेळ पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच मिळेल, असे श्रोत्यांना सांगण्यात आले. दोन लाख एकतीस हजारांहून अधिक जमले. लोकांनी पाकिटांत घालून नाणी पाठविली. त्या निधीला मुलाच्या नावावरून 'जिमी' हे नाव पडले आणि तो निधी आजही चालू आहे.

जिमी हे त्याचे खरे नाव नव्हते. त्याच्या खासगी आयुष्याचे रक्षण व्हावे म्हणून ते टोपणनाव घेतले होते. बहुतेकांनी गृहीत धरले, की मुलगा केव्हाच वारला असेल. १९९८ साली, पन्नास वर्षांनी, मेन प्रांतातील एक मालमोटार चालक पुढे आला. आयनर गुस्ताफसन त्याचे नाव. तोच जिमी. त्यानंतर तो २००१ पर्यंत जगला. मला या गोष्टीतील गुप्ततेचे फार अप्रूप वाटते. हल्ली आपल्या भ्रमणध्वनीवर आजारी मुलांची छायाचित्रे येतात. नळ्या लावलेली, केस गेलेली, खाली नाव, गाव आणि रुग्णालय. आईबापांची निकड मी जाणतो आणि त्यांना दोष देत नाही. परंतु ते मूल बरे होईल, शाळेत जाईल, नोकरी मागायला जाईल, लग्नाचे होईल. तेव्हा ते छायाचित्र कोणाकोणाच्या हाती असेल? १९४८ मधल्या त्या मंडळींनी नाव न सांगता पैसा उभा केला. आम्ही आमच्या मंडळात तेवढा एक नियम त्यांच्याकडून घेतला आहे.

आता कोणी म्हणेल, की औषध तर सापडले. मग माझ्या वर्गातील मुलगा तीस वर्षांनंतरही का गेला? हाच या विषयाचा गाभा आहे. टाटा रुग्णालयात प्रारंभापासून संशोधन होते. आपले डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते आणि १९५२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली कर्करोग संशोधन केंद्र निघाले. तरीही १९७० च्या दशकात या रोगाची मुले भारतातील चांगल्या रुग्णालयांतही पाचांत एक या प्रमाणातसुद्धा वाचत नव्हती. औषधे होती, ती कोणती, किती, कोणत्या क्रमाने, किती महिने द्यावीत आणि ती घेत असलेल्या मुलाला जंतुसंसर्गापासून कसे जपावे, याची आपल्या परिस्थितीला मानवेल अशी बसविलेली पद्धत नव्हती. १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा, मद्रासची अड्यार येथील कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी एकच उपचारक्रम ठरवून घेतला. डॉ. सुरेश अडवाणी, डॉ. व्ही. शांता यांच्यासारखे लोक त्यात होते, अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयन मॅग्राथ यांचे साहाय्य होते. प्रत्येक मुलाची नोंद ठेवली, कोण कशाने दगावले हे पाहिले, चुका सुधारल्या. चार वर्षांपर्यंत रोग न उलटता राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खालून ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. त्यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही. कारकून लागले, नोंदवह्या लागल्या, परिचारिका लागल्या, गावी गेलेल्या मुलाची खुशाली विचारणारी पत्रे लागली. संशोधनाचा पैसा म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरे डगले, अशी माझी समजूत होती. ती येथे बदलली.

आणि हा पैसा आपणच का द्यावा, सरकार आणि औषध कंपन्या आहेत की, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. सरकार देते, आणि त्याने अधिक द्यावे. परंतु मुलांचा कर्करोग हा मोठ्यांच्या कर्करोगाहून निराळा. तंबाखूशी त्याचा संबंध नाही. रक्त, मेंदू, डोळ्याचा पडदा अशा ठिकाणी तो बहुधा होतो. मोठ्यांच्या मानाने असे रुग्ण थोडे, म्हणून बाजारपेठ लहान आणि कंपन्यांना उत्साह बेताचा. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व कुमारांना हा रोग होतो. धनिक देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. कित्येक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले, की २०३० पर्यंत हे प्रमाण जगभर निदान ६० टक्क्यांवर न्यावे. आपल्याकडेही कामे होत आहेत. रुग्णाच्याच रक्तपेशी बाहेर काढून, त्यांना शिकवून परत सोडण्याचा देशी उपचार मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून सिद्ध केला. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. परदेशी उपचाराच्या मानाने त्याचा खर्च फारच कमी आहे. तरी तो अजून लाखांत मोजावा लागतो.

परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते एक साधे संशोधन. मुले उपचार अर्धवट का सोडतात? पहाटेच्या फ्लाइंग राणी गाडीत मी अशी कुटुंबे पाहिली आहेत. मांडीवर तोंडाला फडके बांधलेले मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल, बापाच्या चेहऱ्यावर बुडालेल्या रोजाची चिंता. दोन-अडीच वर्षे हे चालवावयाचे असते. मूल जरा हसू-खेळू लागले, की घरची माणसे म्हणतात, बरे झाले, आता पुरे. आणि रोग उलटतो. टाटा रुग्णालयातील मंडळींनी याचा हिशेब मांडला. राहण्याची जागा, जेवण, प्रवासखर्च आणि कोणी तरी सतत विचारपूस करणारे माणूस एवढे दिले, तर उपचार सोडणाऱ्यांची संख्या पुष्कळच घटते, असे दिसून आले. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा मुलांसाठी काढलेल्या सेंट ज्यूडच्या निवासांत एखाद्या कुटुंबाला खोली मिळते, तेव्हा तीही औषधाइतकीच उपयोगी पडते. हे मोजून दाखविले, म्हणून आता देणगीदारांना पटते. ते मोजण्याचा खर्च मात्र कोणी तरी नाव न लावता आधी दिलेला असतो.

महिधरपुऱ्याच्या त्या शेठजींना मी शेवटी एवढेच विचारले होते, की मोठा कच्चा हिरा आला, तर घंटीवर चढविण्याआधी आपण किती दिवस तो नुसता पाहता? ते म्हणाले, "मोठा असेल तर महिनासुद्धा. एक खूण चुकली की माल गेला." त्या महिन्याचा पगार कोण देतो, असे विचारताच ते हसले. त्यांनी औषधांसाठी एक धनादेश दिला, त्यावर वडिलांचे नाव घालण्यास सांगितले. दुसरा, पुष्कळच लहान, संशोधनासाठी; त्यावर नाव नको म्हणाले. दोन्ही आकडे सारखे असते, तर मला अधिक बरे वाटले असते, हे मी लपवीत नाही.

तेव्हापासून आमच्या मंडळाने दोन पावतीपुस्तके ठेवली आहेत. गुलाबी औषधांचे, पांढरे शोधाचे. कोणते फाडावयाचे, हे देणाऱ्याने सांगावयाचे. आम्ही आग्रह करीत नाही. गुलाबी पुस्तके दरवर्षी तीन-चार संपतात, पांढरे एक कसेबसे संपते. रोषणाईची एक कमान कमी केली, तिचे पैसे मंडळाने स्वतः पांढऱ्यात भरले. त्यावर तरुणांनी एक सभा गाजविली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असेही नाही, कारण कमानीमुळे गर्दी होते व गर्दीमुळे वर्गणी. पहिल्या वर्षी एका लूम कारागिराने अकरा रुपये पांढऱ्या पुस्तकात दिले आणि विचारले, "गुरुजी, शोध लागल्याचं आम्हाला कळणार कसं?" प्रश्न रास्त होता. म्हणून ज्या संस्थेला आम्ही रक्कम पाठवितो तिचा वार्षिक अहवाल आम्ही मागवून घेतो, त्यातील पैसा कशावर खर्च झाला ते पान मी मराठीत उतरवितो आणि दुसऱ्या दिवशीच्या सायंआरतीआधी मंडपात वाचतो. गेल्या वर्षी ते वाचावयास सात मिनिटे लागली. आरतीला तेवढा उशीर झाला. कोणी कुरकुर केली नाही. मागे बसलेल्या एका आजींनी तेवढे 'नोंदणी' म्हणजे काय ते पुन्हा सांगावयास लावले.